दिसेल त्यालाच उपचार?

गेल्या हिवाळ्यात जबलपूरहून एका जुन्या मित्राचा फोन आला. तो निवृत्त शिक्षक आहे, गोहलपूर भागात राहतो आणि कोणाचेही काम निघाले की स्वतःचे समजून धावतो. त्याचे बोलणे नेहमीप्रमाणे थेट होते. ‘‘एका मुलीच्या उपचारासाठी पैसे जमवायचे आहेत. इंटरनेटवर तिचे पान तयार झाले आहे, कागदपत्रे लावली आहेत. अडचण एकच आहे, ते पान कोणाला दिसतच नाही. तू वर्तमानपत्रात लिहितोस, तुझ्या ओळखी आहेत. ते लोकांना दिसेल असे काही तरी कर.’’

‘पैसे कमी पडतात’ असे तो म्हणाला नाही. ‘पान दिसत नाही’ असे म्हणाला. आपल्या देशात आजारपणाचा प्रश्न कोठवर येऊन पोहोचला आहे, हे त्या एका वाक्यात मला कळले. उपचार कोणाला मिळावेत, हे ठरवण्याच्या आपल्याकडे काही जुन्या कसोट्या होत्या. पैसा होता, वशिला होता, कधी कधी निव्वळ नशीब होते. आता त्यांत आणखी एकीची भर पडली आहे, ती म्हणजे दृश्यमानता. जो दिसतो, तो वाचण्याची शक्यता वाढते. जो दिसत नाही, त्याच्या वाट्याला काय येते, याची नोंद ठेवणारे कोणी नाही.

मी जबलपूरला गेलो. मराठी वाचकांना हे शहर परके नाही. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, आणि राजधानी नागपूर होती. राज्यकारभाराचे ते नाते तुटले, आजारपणाचे मात्र तुटले नाही. महाकोशलातल्या कुटुंबाला गंभीर आजाराने गाठले की गाडी आजही अनेकदा नागपूरच्या दिशेने निघते, आणि तेथेही भागले नाही तर मुंबईच्या. नागपूरच्या रुग्णालयांबाहेरच्या धर्मशाळांत आणि भाड्याच्या खोल्यांत जी हिंदी ऐकू येते, तिच्यात जबलपूर, शिवनी, मंडला, बालाघाट ही गावे असतात.

गोहलपूर ही कष्टकऱ्यांची वस्ती आहे. गल्ल्यांतून शिलाई यंत्रांचा आवाज येत राहतो. जबलपूरच्या तयार सलवार-सूटच्या धंद्याचा मोठा भार याच परिसरावर आहे आणि लेमा गार्डनमध्ये या धंद्यासाठी संकुलही उभे राहिले आहे. अनेक घरांच्या उंबऱ्यावर बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या दिसतात. त्या मुलीचे घरही असेच होते. वडील तुकड्याच्या हिशेबाने कपडे शिवतात, आजी विड्या वळते. मुलगी सहा वर्षांची. तिला थॅलेसेमिया मेजर आहे. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. धाकट्या भावाचा अस्थिमज्जा तिच्याशी जुळला, म्हणजे प्रत्यारोपण झाले तर ती या चक्रातून सुटू शकते. दुसऱ्या शहरातल्या एका खासगी रुग्णालयाने १३ लाख रुपयांचे अंदाजपत्रक हातात दिले. आयुष्मान कार्ड घरात होते, पण त्याची पाच लाखांची मर्यादा आणि हे अंदाजपत्रक यांचा मेळ बसत नव्हता. रुग्णालयाच्या मजल्यावरच कोणी तरी वडिलांना लोकनिधीचा मार्ग सुचवला, आणि अर्ध्या तासात फोनवर मुलीचे पान तयार झाले.

ते पान मी नीट वाचले. कथा सफाईदार इंग्रजीत होती, आणि ती घरातल्या कोणालाही वाचता येत नव्हती. तीत एक ‘घर उजळून टाकणारे हसू’ होते. फोटोत मात्र हसू नव्हते. हाताला सुई लावलेली, ओठ कोरडे पडलेले, डोळे अर्धवट मिटलेले. मी विचारले, ‘‘हिचा दुसरा एखादा बरा फोटो नाही का?’’ वडील क्षणभर थांबून म्हणाले, ‘‘भाईसाहब, आहे ना. ईदचा आहे, नव्या कपड्यांतला. तो लावून पाहिला होता. लोक म्हणाले, हिला तर काही झालेले दिसत नाही.’’

या वाक्याने मी अस्वस्थ झालो, पण मला जे सांगितले होते ते केले. अशी मोहीम कशी चालते, याचे शास्त्र एव्हाना सर्वांना ठाऊक झाले आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत ओळखीच्यांकडून काही रक्कम यायलाच हवी, कारण शून्यावर उभा असलेला आकडा पाहून अनोळखी माणूस मागे फिरतो. मथळ्यात आजार, वय आणि मुदत हवी. अंदाजपत्रकाची आणि तपासणी अहवालाची प्रत स्पष्ट हवी. मिनिटभराचा व्हिडीओ हवा, त्यात शक्यतो आई बोलावी. दर तीन-चार दिवसांनी प्रकृतीची नवी माहिती टाकावी, नाही तर पान शिळे होते. सर्वांना एकच संदेश ढकलण्यापेक्षा पन्नास जणांना नाव घेऊन लिहावे. रक्कम देणाऱ्यालाच ‘आणखी पाच जणांना सांगा’ म्हणावे. याउपर पोहोच हवी असेल तर जाहिरात करावी लागते. समाजमाध्यमांवर आणि व्हिडीओंच्या मध्ये रडणाऱ्या आईचे जे चेहरे आपल्याला दिसतात, ते आपोआप दिसत नाहीत. त्यामागे पैसा खर्च झालेला असतो, आणि तो बऱ्याचदा जमलेल्या रकमेतूनच वळता होतो.

हा सल्ला चुकीचा नाही. ज्याला आज मोहीम चालवायची आहे, त्याने तो पाळावाच. पण प्रत्येक ओळ पुन्हा वाचून पाहा. पहिल्या दोन दिवसांत रक्कम देतील असे ओळखीचे लोक कोणाकडे असतात? नाव घेऊन लिहावे अशा पन्नास माणसांची यादी शिलाई कामगाराच्या फोनमध्ये असते का? असलीच, तरी त्या पन्नास जणांच्या खिशात काय असते? गोहलपूरच्या त्या पानावर १९ दिवसांत ४१ हजार रुपये जमले होते. त्यांतले बहुतेक ५०, १०० आणि २०० रुपयांचे होते, आणि देणारे त्याच गल्ल्यांतले होते. शेजाऱ्याने एका दिवसाची मजुरी दिली होती. दानत कमी नव्हती. ज्यांची दानत होती, त्यांच्याकडे पैसा नव्हता, एवढेच.

मी माझ्या परिचितांना लिहिले. दहा दिवसांत दोन लाखांवर रक्कम आली. मित्राला आनंद झाला, मलाही झाला. पण रात्री हिशेब करू लागलो तेव्हा लक्षात आले, की हे पैसे मुलीच्या आजाराकडे पाहून आलेले नाहीत, माझ्याकडे पाहून आले आहेत. तिचा आजार पंधरवड्यापूर्वीही तेवढाच गंभीर होता. बदलले ते फक्त संदेश पाठवणाऱ्याचे नाव. आणि आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. दोन सुशिक्षित परिचितांनी पान उघडल्यावर मला खासगीत विचारले, ‘‘आडनाव काय आहे?’’ त्यांनी पुढे काही म्हटले नाही, आणि रक्कमही दिली नाही. सरकारी योजनेत निदान कागदावर तरी हा प्रश्न विचारता येत नाही. लोकनिधीत तो विचारावाही लागत नाही, नाव वाचून बोट पुढे सरकते.

यावर कोणी म्हणेल, की ही एका मोहिमेची गोष्ट झाली, लोकनिधीने असंख्य मुले वाचली आहेत. मान्य आहे. २०२१ च्या आरंभी मुंबईतल्या काही महिन्यांच्या मुलीसाठी, स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या जनुकीय आजारावरचे सुमारे १६ कोटी रुपयांचे औषध आणण्याकरिता देशभरातून पैसे जमले. राज्यातल्या विरोधी पक्षनेत्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिले आणि केंद्राने सुमारे सहा कोटींचे कर माफ केले. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडच्या एका मुलीसाठीही लोकांनी एवढीच रक्कम उभी केली. औषध मिळाले, पण काही आठवड्यांतच ती गेली. तिच्यासाठी पैसे देणाऱ्यांपैकी अनेकांना घरचे मूल गेल्यासारखे वाटले. जुलै २०२१ मध्ये केरळच्या कण्णूर जिल्ह्यातल्या एका बालकासाठी १८ कोटींची गरज होती आणि आठवडाभरात ४६ कोटींहून अधिक जमले. त्याच आजाराने स्वतः चाकाच्या खुर्चीला खिळलेली त्याची थोरली बहीण ध्वनिचित्रफितीतून भावासाठी बोलली होती, आणि ती चित्रफीत घराघरांत पोहोचली. उरलेला पैसा इतर बालकांच्या उपचारांकडे वळवण्याचे ठरले. या समाजाचे हृदय शाबूत आहे, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

मात्र हाच पुरावा व्यवस्थेच्या विरोधातही जातो. एका मुलासाठी गरजेच्या अडीचपट रक्कम जमते आणि त्याच दिवशी, त्याच आजाराच्या दुसऱ्या मुलाचे पान काही हजारांवर थांबते. दोघांच्या आजारात फरक नसतो. फरक चित्रफितीत असतो, ती कोणी पुढे पाठवली यात असतो. ही करुणेची कमतरता नव्हे, करुणेच्या वाटपाची कमतरता आहे. व्यक्तीने कोणाला मदत करावी हे व्यक्तीने ठरवावे, त्यात गैर काही नाही. पण जिवावरच्या उपचारांचे वाटप संपूर्णतः अशा वैयक्तिक पसंतीवर सोपवणे, हा समाजाचा धोरणात्मक निर्णय आहे. तो कोणी जाहीर केलेला नसला, तरी आपण तो घेतला आहे.

ज्या देशात हा प्रयोग सर्वांत मोठ्या प्रमाणावर झाला, त्या अमेरिकेचा अनुभव पाहू. तेथील संशोधकांनी २०१६ ते २०२० या काळातल्या सुमारे चार लाख ३७ हजार वैद्यकीय मोहिमा तपासल्या आणि निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध केले. उद्दिष्टाची रक्कम गाठणाऱ्या मोहिमा जेमतेम १२ टक्के होत्या. एकूण मोहिमांपैकी १६ टक्क्यांना एकही देणगी मिळाली नव्हती. ज्या भागांत उत्पन्न कमी आणि आरोग्यविम्याचे कवच पातळ, त्या भागांत गरज अधिक होती आणि जमणारी रक्कम कमी. म्हणजे ज्याला आधीच आधार आहे, त्याला लोकनिधी आणखी आधार देतो. २०२१ मध्ये तेथील सर्वांत मोठ्या निधी-संकेतस्थळाच्या प्रमुखांनीच जाहीर लेख लिहून सांगितले, की आमचे व्यासपीठ सरकारच्या मदतीची जागा घेऊ शकत नाही. दुकानदारानेच ग्राहकाला ‘हा माल तुमच्या गरजेला पुरणार नाही’ असे सांगावे, तशी ही कबुली होती.

आपल्याकडे मात्र सरकारनेच लोकनिधीला धोरणात जागा दिली. मार्च २०२१ मध्ये केंद्राचे दुर्मीळ आजारांविषयीचे राष्ट्रीय धोरण आले. एकदाच्या उपचाराने बऱ्या होणाऱ्या काही आजारांसाठी २० लाखांपर्यंत मदत, आणि ज्यांवर अतिमहाग, आजन्म उपचार लागतात त्यांच्यासाठी स्वेच्छा देणग्या गोळा करणारे सरकारी संकेतस्थळ, अशी त्याची मांडणी होती. मे २०२२ मध्ये मदतीची मर्यादा ५० लाख झाली आणि ती सर्व गटांना लागू झाली. संकेतस्थळही सुरू झाले. पण त्यावर जमलेली रक्कम गरजेच्या तुलनेत नगण्य राहिली. यात नवल नाही. नागरिक कर भरतो तो सरकारने उपचारांची सोय करावी म्हणून. त्याच सरकारने पुन्हा देणगीची पेटी पुढे केली तर तो तिच्यात काय टाकणार? अखेर ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला दुर्मीळ आजारांसाठी राष्ट्रीय निधी उभारण्याचा आणि दोन आर्थिक वर्षांकरिता ९७४ कोटी रुपयांच्या तरतुदीचा आदेश द्यावा लागला. ५० लाखांपलीकडच्या मदतीचा वाद त्यानंतर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

याच आजाराच्या संदर्भात आणखी एक घडामोड लक्षात घेण्यासारखी आहे. रिसडिप्लॅम या औषधाच्या एका बाटलीची किंमत सहा लाख रुपयांच्या घरात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एका भारतीय कंपनीला त्याची जेनेरिक आवृत्ती विकण्यास आडकाठी करण्यास नकार दिला, सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही, आणि बाजारात बाटली १६ हजारांच्या आत आली. हजारो मोहिमा, लाखो संदेश आणि असंख्य अश्रूंनी जे साधले नसते, ते पेटंट कायद्याच्या एका अन्वयार्थाने साधले. महाग उपचारांवरचा पहिला प्रश्न ‘पैसे कोण देणार’ हा नसतो, ‘किंमत एवढी का’ हा असतो. लोकनिधीच्या पानावर हा प्रश्न विचारायला जागाच नसते. तेथे १३ लाख किंवा १६ कोटी हा आकडा आकाशातून पडल्यासारखा येतो आणि आपण निमूटपणे त्याच्याकडे धावतो.

आता पुन्हा गोहलपूर. माझ्या संदेशांनी दोन लाख जमवले, पण वाट काढली ती दुसऱ्याच माणसाने. थॅलेसेमियाच्या मुलांसाठी रक्तदाते जमवणाऱ्या एका तरुण स्वयंसेवकाने पान पाहिले आणि मित्राला विचारले, ‘‘कोल इंडियाच्या योजनेत अर्ज केला का?’’ कोणालाच पत्ता नव्हता. मलाही नव्हता. थॅलेसेमिया बाल सेवा योजना ही २०१७ पासून सुरू आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सहकार्याने चालणाऱ्या या योजनेत कोल इंडिया आपल्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून, भावंडाचा अस्थिमज्जा जुळलेल्या गरीब कुटुंबांतल्या मुलांच्या प्रत्यारोपणासाठी १० लाखांपर्यंत मदत देते. ती ठराविक रुग्णालयांतच मिळते. दिल्लीचे एम्स आणि वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज त्यांत आहेत. ज्या रुग्णालयाने या कुटुंबाला अंदाजपत्रक दिले होते, ते त्या यादीत नव्हते. तेथे निधीचे पान उघडून देणारा माणूस हजर होता, योजनेची माहिती देणारा नव्हता.

म्हणजे आम्ही सगळे पाच आठवडे एका मुलीला जगापुढे दृश्यमान करण्यासाठी धडपडत होतो, आणि खरे तर दृश्यमान व्हायला हवी होती ती योजना. मुलगी पुरेशी दिसत होती. तिच्या शेजाऱ्यांना दिसत होती, डॉक्टरांना दिसत होती. दर महिन्याला रक्त चढवणाऱ्या परिचारिकेलाही दिसत होती. सरकारी मदतच तेवढी अदृश्य होती. ही गोष्ट एका योजनेची नाही. राष्ट्रीय आरोग्य निधी १९९७ पासून आहे. पंतप्रधान आणि मुख्यमंत्री साहाय्यता निधी आहेत. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. शिवाय मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने मंजूर झालेल्या योजनेनुसार राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवाव्या लागतात, तसेच बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढावी लागते. पुण्या-मुंबईतल्या नामांकित रुग्णालयांच्या दारात उभे राहून किती नातेवाइकांना हे ठाऊक आहे ते विचारून पाहावे. लोकनिधीच्या संकेतस्थळांची नावे मात्र ते सांगतील.

दृश्यमानतेची किंमतही कोणी तरी मोजतो, आणि तो नेहमी रुग्णच असतो. मदत मागणाऱ्याला आपले दारिद्र्य दाखवावे लागते, देह दाखवावा लागतो, रडून दाखवावे लागते. प्रौढ माणूस निदान त्याला संमती देतो. सहा वर्षांच्या मुलीचे काय? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. पण जिथे संमती न देण्याचा अर्थ मूल गमावणे असा होतो, तिथे त्या सहीला संमती म्हणायचे का? आणखी दहा वर्षांनी ही मुलगी कॉलेजात जाईल, तेव्हा तिचे नाव शोधणाऱ्याला तो सुई लावलेला फोटो सापडेल. आपल्या उपचारांच्या बदल्यात तिने काय दिले आहे, हे तिला तेव्हा कळेल.

या सगळ्याला पर्याय नाही असे मानण्याचे कारण नाही. थोड्या थोड्या पैशांतून मोठे काम उभे करण्याची परंपरा आपल्याला इंटरनेटने दिलेली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी दारोदार फिरून एकेक पैसा गोळा केला. लोकमान्यांचे पाठबळ मिळालेल्या त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. त्या फंडाला कोणाचा करुण चेहरा पुढे करावा लागला नाही. देणारा एका व्यक्तीवर उपकार करत नव्हता, सर्वांच्या कामात आपला वाटा टाकत होता. निधी आणि भिक्षा यांत हाच भेद आहे.

त्याहून जवळचे उदाहरण त्या घराच्या उंबऱ्यावरच बसले होते. निघण्यापूर्वी मी आजीशी बोललो. तिच्याकडे विडी कामगाराचे जुने, कडा फाटलेले ओळखपत्र होते. १९७६ च्या कायद्यांनी विडी कामगारांसाठी कल्याण निधी निर्माण झाला. विड्यांवर अधिभार लागे, अलीकडच्या काळात हजार विड्यांमागे पाच रुपये, आणि त्यातून कामगारांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरे, गंभीर आजारांतली मदत असा खर्च होई. कारभार आदर्श नव्हता. औषधे नसत, खेटे घालावे लागत. पण तत्त्व स्वच्छ होते. हजार विड्यांमागचा तो पैसा कोणाच्या फोटोकडे पाहून येत नव्हता. सट्टेदाराकडे माल गेला की निधीत भर पडत होती, आणि आजारी पडणाऱ्या बाईने आपण किती दुःखी आहोत हे सिद्ध करायचे नव्हते, फक्त आपण विडी कामगार आहोत एवढे दाखवायचे होते. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा हा अधिभार रद्द झाला. कल्याण योजना आता अर्थसंकल्पातल्या तरतुदीवर अवलंबून आहेत. स्वतःचा हक्काचा झरा असलेला निधी गेला आणि त्याच घरातल्या नातीसाठी अनोळखी माणसांपुढे पदर पसरावा लागला. या दोन घटनांचा थेट कार्यकारणसंबंध आहे असे मी म्हणणार नाही. पण दोन्ही एकाच प्रवासातल्या आहेत. हक्काकडून याचनेकडे चाललेला हा प्रवास आहे.

आकडे पाहिले तर चित्र पूर्ण काळे नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्य खर्चात कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही सुधारणा नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच वर्षी सरकारचा आरोग्यावरील खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के होता, आणि २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत तो अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. कागदावरचे लक्ष्य आणि प्रत्यक्षातला खर्च यांच्यामध्ये जी दरी उरते, तिच्यावर लोकनिधीचे पूल बांधले जातात, आणि ते प्रत्येक कुटुंबाला स्वतःपुरते, स्वतःच्या हातांनी बांधावे लागतात.

मग करायचे काय? माझ्या मते चार गोष्टी लगेच करता येण्यासारख्या आहेत. पहिली, ठराविक रकमेपेक्षा मोठे अंदाजपत्रक देताना त्या आजारासाठी उपलब्ध असलेल्या सरकारी, सार्वजनिक उपक्रमांच्या आणि धर्मादाय योजनांची यादी रुग्णाच्या भाषेत, लेखी देणे प्रत्येक रुग्णालयावर बंधनकारक करावे. यादीतले रुग्णालय दुसरे असेल तर तसे सांगावे. दुसरी, लोकनिधीच्या संकेतस्थळांसाठी स्वतंत्र नियम हवेत. जमलेल्या रकमेतून जाहिरातीवर, शुल्कावर किती गेले, रुग्णालयाला थेट किती पोहोचले, उपचार झाले नाहीत किंवा रुग्ण दगावला तर उरलेल्या पैशाचे काय, हे प्रत्येक पानावर दिसले पाहिजे. समभागांच्या रूपाने पैसे उभे करण्याविषयी सेबीने २०१४ मध्येच चर्चापत्र काढले होते. गुंतवणूकदाराच्या पैशाची काळजी आपण घेतो, तर दात्याच्या आणि रुग्णाच्या पैशाची का नाही? तिसरी, मुलांचा चेहरा न दाखवता मोहीम चालवण्याची सोय असावी आणि उपचार संपल्यावर फोटो-चित्रफिती काढून टाकण्याची जबाबदारी संकेतस्थळाची असावी. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, मोठ्या उपचारांसाठी राज्याराज्यांत कायमस्वरूपी निधी हवा, आणि त्यातून मदत मिळण्याचे निकष वैद्यकीय हवेत. कोणाची कथा हृदयद्रावक आहे हे ठरवण्याची तेथे गरज पडू नये.

आणि तोवर? तोवर कोणाचे पान समोर आले तर जरूर मदत करावी. धोरण बदलेपर्यंत आजार थांबत नाही. मात्र पैसे पाठवण्याबरोबर आणखी एक काम करावे. त्या कुटुंबाला कोणत्या योजना लागू होतात याचा शोध घ्यावा, एखादा फोन करावा, अर्ज भरून द्यावा. सुशिक्षित माणसाचा एक तास कधी कधी त्याच्या हजार रुपयांपेक्षा अधिक उपयोगी ठरतो. आमच्या बाबतीत तसेच झाले.

त्या मुलीचा अर्ज आता यादीतल्या एका रुग्णालयातून पुढे गेला आहे. प्रत्यारोपणाची तारीख अजून ठरलेली नाही. लोकांनी दिलेले पैसे प्रवासाला, राहण्याला आणि नंतरच्या औषधांना लागतील. ते वाया जाणार नाहीत. गेल्या आठवड्यात वडिलांचा फोन आला होता. त्यांना आणखी पैसे नको होते. त्यांनी एवढेच विचारले, ‘‘भाईसाहब, तो सुईवाला फोटो आता काढता येईल का? ती शाळेत जायला लागली आहे. मुले फोनवर दाखवून तिला चिडवतात.’’

पानावरचा फोटो मी काढायला लावला आहे. पण तो माझ्या संदेशांतून किती फोनवर गेला, याचा हिशेब माझ्याकडे नाही. तो दिसावा म्हणून मीच खटपट केली होती.